आत्या आली

चैत्रात आत्या आली. वसईहून, नऊ वर्षांनी. आईने कैरीची डाळ वाटली, पन्हे केले. बाबा मात्र गोठ्यातच रेंगाळले. कारण मला ठाऊक होते. अकरावीच्या प्रवेशासाठी पेटीतले कागद चाळताना हक्कसोडपत्र हाती लागले होते. खाली आत्याचा अंगठा. घरात तो कागद शेवटपर्यंत वाचणारा मी पहिलाच.

दुसऱ्या दिवशी सारे वाईजवळच्या मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर मोठी घंटा आहे; तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. कॉलेजात शिकतो हे दाखवायची हौस मलाही आहेच! म्हणालो, "आत्या, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ही. तुझ्याच गावची."

आत्या हसली. "म्हंजे ही तिकडची इकडं आली, अन् मी इकडची तिकडं गेले. हिला तरी देऊळ बांधून दिलं रे!"

बाबा नदीकडे पाहत राहिले. कोणी काही बोलेना. पायऱ्या चढताना आत्याचा पाय अडखळला, तसा बाबांनी तिचा हात धरला, तो एस.टी.पर्यंत सोडलाच नाही.

रात्री त्यांनी मला हाक मारली. "तो कागद आण. तिला वाचून दाखव. सावकाश."