मागे तोंड केलेली खुर्ची

चि. भाचीस,


स्वीडनमध्ये लहान मुलाला गाडीत मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात, आणि तेही पहिल्या वर्षापुरते नव्हे, चांगले चार वर्षांचे होईपर्यंत. पाय सीटच्या पाठीला टेकून दुमडलेले आणि डोळ्यांसमोर मागे मागे पळणारा रस्ता. नव्याने गेलेल्यांना हे चमत्कारिक वाटते. पण या मागे तोंड केलेल्या खुर्चीची हकिकत तिथल्या गोथेनबर्ग शहराशीच जोडलेली आहे, आणि मुलांना घेऊन गाडीने त्या शहरात जायचे तर ती आधी माहीत असलेली बरी.

बर्टिल आल्डमन हे तिथल्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठातले वाहतूक सुरक्षेचे प्राध्यापक. १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनी जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसने टीव्हीवर पाहिली. उड्डाणाचा रेटा एका जागी न बसता सगळ्या पाठीवर वाटला जावा, अशी त्या आसनांची रचना होती. तीच कल्पना त्यांना मुलांच्या खुर्चीसाठी सुचली. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि जड, मान मात्र कोवळी. गाडी समोरून आदळली की पुढे तोंड असलेल्या मुलाचे धड पट्ट्याने अडते, डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोके, मान आणि पाठ एकदमच खुर्चीच्या पाठीत रुततात. अशा खुर्चीचा पहिला नमुना १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बसवून तपासला गेला. व्होल्वोही याच शहरातली, १९२७ सालची. खांद्यावरून आणि कमरेवरून येणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये तिच्याच निल्स बोलिन या अभियंत्याने तयार केला आणि कंपनीने तो इतर मोटार कारखान्यांनाही वापरू दिला. पुणे-मुंबई रस्त्यावर आज गाडीत बसल्यावर लावला जातो तो पट्टा हाच. 

स्वीडनचा कायदा वयापेक्षा उंची पाहतो. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खुर्ची किंवा उंच बैठक लागतेच, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर १४० सेंटिमीटरच्या आतले मूल बसवता येत नाही. गाडीचे दिवे भर दुपारीही लावायचे, हा नियम १९७७ पासूनचा.

भारतात गाडी चालवायला शिकलेल्याची खरी परीक्षा रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची. गंमत अशी की स्वीडनही १९६७ पर्यंत डावीकडूनच चालत होता. नॉर्वे आणि फिनलंड हे शेजारी उजवीकडून जात. शिवाय स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंग आधीपासूनच डाव्या हाताला होते, त्यामुळे अरुंद रस्त्यावर पुढच्या गाडीला ओलांडताना चालकाला समोरून येणारे वाहन दिसत नसे. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी बदलाला नकार दिला. तरीही १९६३ मध्ये संसदेने तो ठरवला, आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या रविवारी पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावर असेल नसेल ती गाडी थांबली, हळूच उजवीकडे सरकली आणि ५ वाजता पुढे निघाली.

बसचे दरवाजे आता चुकीच्या बाजूला आले. गोथेनबर्गने आपल्या जुन्या बसगाड्या पाकिस्तान आणि केनिया या डावीकडून चालणाऱ्या देशांना विकल्या. ट्रामची अडचणही तीच होती. स्टॉकहोमने शहरातल्या बहुतेक ट्राम त्याच सुमारास बंद केल्या. गोथेनबर्गने मात्र १८७९ मध्ये घोड्यांनी ओढायला सुरुवात केलेली आपली ट्राम टिकवली, आणि आज मुलांना घेऊन फिरणाऱ्यांना तिचाच खरा आधार आहे.

तिच्याबाबत एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी, रस्त्याच्या कडेला उभे करून दाखवावी. झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवू पाहणाऱ्यासाठी मोटार थांबते, ट्राम थांबत नाही. कायद्याने तिच्यावर ते बंधनच नाही. आधी थांबायचे ते पायी चालणाऱ्याने. मोटार थांबलेली पाहून मूल पळत सुटले आणि पलीकडच्या रुळांवर ट्राम आली, तर अनर्थ होईल.

शहरात गाडी शिरली की २०१३ पासून गर्दीचा कर लागतो. टोलनाका कुठेच नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, परदेशी गाडीचीही. शनिवार, रविवार आणि जुलै महिना मोकळा. पार्किंगच्या पाटीवर वेळा एकाखाली एक तीन प्रकारे लिहिलेल्या असतात: साध्या आकड्यांतली कामाच्या दिवसांची, कंसातली शनिवारची, लाल आकड्यांतली रविवारची. हे न कळल्याने पुष्कळांना दंड बसतो.

म्हणून गाडी कडेला लावून ट्राम धरणेच शहाणपणाचे. कोर्सवेगन थांब्यावर उतरले की १९२३ पासूनची लिसेबेरी जत्राबाग आणि छपराखाली वर्षावन वाढवलेले युनिव्हर्सेउम ही दोन्ही ठिकाणे पायी हाकेच्या अंतरावर. स्लॉट्सस्कोगन बागेत सील आणि पेंग्विन फुकट पाहता येतात.

मुलांना मात्र सर्वांत आवडते ती कालव्यातली पॅडान ही सपाट, उघडी बोट. १६२१ मध्ये वसलेल्या या शहराची आखणी डच लोकांनी केली, म्हणून भर वस्तीत पाणी आहे. बोटीच्या वाटेवर एक पूल इतका ठेंगणा आहे की प्रवाशांना बाक सोडून तळाशी बसावे लागते. त्याचे नाव ऑस्टहिवेल्न, म्हणजे चीजच्या पातळ चकत्या काढण्याचे पाते. आजोबा आणि नातू एकाच वेळी तळाच्या फळीवर उकिडवे बसतात आणि पुलाची खालची बाजू टाळूवरून सरकत जाते.

उरलेल्या दिवसासाठी ट्रामने सॉल्टहोल्मेन गाठावे. तिथे रूळ संपतात आणि दक्षिणेकडच्या बेटांची बोट सुटते. त्या बेटांवर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे स्टिर्सो किंवा ब्रेन्नोवर उतरल्यावर मुलांचा हात सोडता येतो.

तुझा
मामा