कानापुरता सोबती

तळहाताहून थोडा मोठा, गोल, चपटा. पोटात एक चकती, काठाला दोन-चार बटणं आणि कानापर्यंत जाणारी वायर. शुन्जी इवाई यांचा 'ऑल अबाउट लिली शू-शू' (२००१) बघताना मला शाळकरी युइचीपेक्षा त्याचा हा सीडी प्लेअरच आधी उमगला. युइची मितभाषी. आईशी नाही, मास्तरांशी नाही, वर्गात तर कुणाशीच धड बोलत नाही. हिरव्यागार भातशेतात, पांढऱ्या शर्टात, कानाला हेडफोन लावून मान खाली घालून उभा असतो.

धक्का अंगाला लावून घ्यायचा नाही, हा या प्लेअरचा स्वभाव. त्या काळच्या बऱ्याच सीडी प्लेअरमध्ये तशी सोयच असे. चकतीवरचं गाणं काही सेकंद आधीच वाचून साठवून ठेवायचं. चालता चालता हिसका बसला, लेझर जागचा हलला, तरी साठवलेलं वाजत राहतं आणि तेवढ्यात लेझर पुन्हा आपली जागा धरतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. युइचीला मार बसतो, चोऱ्या करायला लावतात, चारचौघांत त्याची अब्रू काढतात. लिलीच्या सुरात मात्र खंड नाही. चौदा वर्षांच्या पोराला याहून जास्त काय हवं असतं? त्याच्या स्वतःकडे तर तेवढ्या चार-दोन सेकंदांचीही शिल्लक नाही.

लिली ही गायिका कल्पनेतली. ताकेशी कोबायाशी यांचं संगीत आणि सालयू हिचा आवाज मिळून ती झाली. चित्रपटात ती समोर अशी येतच नाही. जॉन लेनन गेला त्याच क्षणी, ८ डिसेंबर १९८० ला तिचा जन्म झाला, असं तिचे भक्त मानतात. तिच्या गाण्यातून 'ईथर' मिळतं म्हणतात. हे सगळं ते रात्री इंटरनेटवर, टोपणनावांनी एकमेकांना लिहितात. पडदा काळा होतो, कीबोर्डची टकटक ऐकू येते आणि अक्षरं उमटतात. तिथे 'फिलिया' म्हणजे युइची. त्याला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'निळी मांजर' नावाचा कुणीतरी.

प्लेअरची दुसरी खोड इथे नडते. तो ऐकवतो ते एकालाच. शेजारी बसलेल्याला नुसती बारीक खरखर. होशिनो हा युइचीचा एके काळचा मित्र, हुशार, सालस. ओकिनावाच्या सहलीत तो बुडता बुडता वाचतो (हा भाग पोरांच्याच हँडीकॅमने टिपल्यासारखा, हलता, बेशिस्त, मला तो सबंध चित्रपटात सगळ्यात मोकळा वाटतो) आणि परत येतो तो वेगळाच होऊन. मग युइचीला छळणाऱ्या टोळीचा म्होरक्या तोच. आणि निळी मांजरही तोच. दोघे एकाच आवाजावर जगतात, पण एका हेडफोनचे दोन कान दोघांनी वाटून घ्यायची वेळ काही येत नाही.

कुनोचं बरोबर उलटं. ती पियानो वाजवते, तेही उघड्यावर, कुणीही ऐकावं असं. म्हणूनच ती खुपते. समूहगान स्पर्धेत तिने साथीला बसू नये म्हणून वर्गातल्या मुली अडून बसतात आणि गाणं वाद्याविना होतं.

इतका वेळ प्लेअरची बाजू घेतली, पण त्याला निर्दोष म्हणायला मन घेत नाही. त्सुदा नावाच्या मुलीला धमकावून परक्या पुरुषांकडे पाठवतात, तेव्हा तिच्यावर नजर ठेवायला युइची असतो. कुनोला फसवून जिथे तिच्यावर अत्याचार होतो तिथवर नेणाराही युइची. बाहेर बसून तो रडतो. नंतर पुन्हा कानात लिली. ज्याच्या आधाराने पोरगा तग धरतो, त्याच्याच आधाराने तो गप्पही बसतो, आणि ही दोन कामं वेगळी करायचं बटण त्या यंत्रावर नाही. होशिनोही एकदा त्याच शेतात हेडफोन लावून जीव तोडून किंचाळतो. कान बंद असल्यामुळे स्वतःची किंकाळी तरी त्याला नीट ऐकू आली असेल का, कोण जाणे. छायालेखक नोबोरू शिनोदा यांनी तेव्हा नव्याच असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने ते शेत इतकं देखणं टिपलंय की बघणाऱ्याला थोडा रागच यावा.

तोक्योत योयोगीला लिलीचा जलसा असतो. इथे यंत्राची गरज नाही, आवाज सर्वांसाठी आहे. निळ्या मांजरीने हिरवं सफरचंद हातात धरून भेटायचं ठरलेलं. सफरचंद घेऊन येतो होशिनो. युइचीला तो कोला आणायला पिटाळतो, त्याचं तिकीट गर्दीत भिरकावून देतो आणि आपण आत जातो. युइची जलसा संपेपर्यंत बाहेरच. लोक बाहेर पडू लागतात तेव्हा, दोन तासांहून जास्त काळ जवळजवळ मुकाच राहिलेला हा मुलगा मोठ्याने ओरडतो की लिली तिकडे आहे. ते खोटं असतं. गर्दी तिकडे लोटते आणि त्या रेट्यात तो होशिनोला भोसकतो.