कातडीचा कॅन्सर फक्त उन्हाने होतो का?

एप्रिल लागला की अंबरनाथ-बदलापूरच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास फिरतात. एक, आजचा पारा किती. दोन, उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो, तेव्हा अमुक क्रीम लावा. दुसरी गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाची, म्हणून ही लांब पोस्ट.

आधी उन्हाचं. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी बिघडतात आणि कॅन्सर होऊ शकतो, यात वाद नाही. सगळ्यात जास्त धोका गोऱ्या कातडीच्या लोकांना, म्हणून ऑस्ट्रेलियात हा आजार एवढा. आपल्या सावळ्या रंगातलं मेलॅनिन बरंच ऊन अडवतं. पण ज्यांच्या कातडीत आणि केसांत जन्मापासून रंगच नसतो, त्यांनी आणि किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाला खरंच जपायला हवं. टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, सगळं.

मग बाकीचे आपण सुटलो का? नाही. सावळ्या माणसाला मेलानोमा होतो तेव्हा तो बरेचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो. तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ले 1981 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी गेला. त्याचा आजार पायाच्या अंगठ्यापासून सुरू झाला होता. आपण तळपाय बघतो कधी? काटा रुतला तरच.

दुसरी जागा कंबर. 1945 मध्ये डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी धोतराच्या गाठीने होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलं. खानोलकर म्हणजे परळच्या टाटा हॉस्पिटलमधले नावाजलेले संशोधक. कापड रोज त्याच जागी घट्ट आवळायचं, कातडी काळी पडते, सोलते, जखम होते, भरते, पुन्हा होते. अशी वर्षानुवर्षं गेली की क्वचित त्याच जागी कॅन्सर होतो. ही जुनी गोष्ट नाही. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची नोंद बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये छापली. त्यातली एक चाळीस वर्षं लुगडं नेसत होती. आपल्या घरातल्या आजीला, मावशीला एवढंच सांगा: परकराची नाडी सैल बांधा, गाठीची जागा बदलत राहा, पट्टा रुंद ठेवा.

तिसरी गोष्ट जुन्या भाजल्याच्या खुणा. स्टोव्हचा भडका, गरम पाणी, ॲसिड. वीस-तीस वर्षांनी त्या खुणेवर फोड येतो, फुटतो आणि भरत नाही. लोक हळद लावतात, मलम लावतात, वर्ष काढतात.

आणि आता कारखाना. लंडनमधला सर्जन पर्सिव्हल पॉट याने 1775 मध्येच दाखवून दिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे कातडीचा कॅन्सर होतो. पुढे त्या यादीत डांबर, आर्सेनिक आणि नीट शुद्ध न केलेलं खनिज तेल आलं. हे वाचताना डोळ्यासमोर आपली एमआयडीसी आणा. ऑइलने भिजलेली पँट आठवडाभर तीच, ऑइलचं फडकं खिशात, त्याखाली मांडी. लेथवर वीस वर्षं काढलेल्या एका काकांशी मागे बोललो. म्हणाले, "हात धुवायला साबण कुठला? डिझेल आहे ना." ठेकेदार किती बदलले ते बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

ही मोजणी महत्त्वाची आहे. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याची जागा घेतलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेचं तिसरं परिशिष्ट बघा. डांबर, खनिज तेल वगैरेंमुळे होणारा कातडीचा कॅन्सर त्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, नाही म्हणायचं तर मालकाने सिद्ध करायचं. अट एकच, त्या मालकाकडे सलग सहा महिने नोकरी. आता सांगा, दर चार महिन्यांनी ज्याचं नाव नव्या ठेकेदाराच्या मस्टरवर जातं, त्याने हे सलग सहा महिने दाखवायचे कुठून? उन्हाची भीती घालून क्रीम विकता येतं. ऑइलची भीती घातली तर ॲप्रन, साबण आणि पक्की हजेरी द्यावी लागते. कदाचित म्हणूनच तिची जाहिरात होत नाही.

करायचं काय? तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, आकार-रंग बदलणारा तीळ, नखावर उठलेली नवी काळी रेघ, जुन्या व्रणावर आलेली गाठ. यातलं काहीही असेल तर डॉक्टरला दाखवा. अंबरनाथला छाया हॉस्पिटल आहे, उल्हासनगरला सेंट्रल हॉस्पिटल आहे. तुकडा तपासायला सांगितला तर घाबरू नका, सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे. लवकर सापडला तर यातले बहुतेक कॅन्सर छोट्या ऑपरेशनने बरे होतात. आणि डॉक्टरला आपण काय काम करतो, किती वर्षं करतो, हे न विचारताही सांगा. केसपेपरवर लिहून घ्या. उद्या मस्टर गायब झालं तरी तो कागद तुमच्याकडे राहील.

कंपनीत जाणाऱ्या एखाद्या भावाला, काकाला ही पोस्ट नक्की पाठवा.