ग्रुपमध्ये बेचाळीस जण होते

शनिवारी घरी गेलो होतो. घर म्हणजे शिळफाटा. (मुंब्र्याजवळचा नव्हे! दर वेळी हे सांगावंच लागतं. आमचा शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचा.) कर्जत सुटल्यावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी एकेक स्टेशनं घेत लोकल रमतगमत खोपोलीला पोचते. तोवर आठवड्याभराचे बग्स, रिलीज, क्लायंट वगैरे सगळं डोक्यातून उतरलेलं असतं. या वेळी मात्र पुढ्यात काहीतरी वेगळंच वाढून ठेवलं होतं.

दुपारी ताईकडे जेवायला होतो. भाची अकरावीला आहे. एरवी मी आलो की माझी बॅग आधी तिच्या ताब्यात जाते. या वेळी दोन घास खाऊन ताटावरून उठली. ताई म्हणाली, "चार दिवस कॉलेजला गेली नाही. पोटात दुखतंय म्हणते."

संध्याकाळी म्हटलं, चल, नाक्यावर वडापाव खाऊन येऊ.

"नको मामा. तिथे सगळे असतात."

तेव्हा लक्षात आलं, दुखणं पोटाचं नाही. मग आम्ही दोघं गच्चीवर जाऊन बसलो. बराच वेळ काहीच बोलली नाही. शेवटी तिने मोबाईल माझ्या हातात दिला.

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सहलीत जांभई देताना कोणीतरी काढलेला तिचा फोटो, त्याचं केलेलं स्टिकर, खाली एका जनावराचं नाव. कोणी काहीही बोललं की उत्तर म्हणून तेच स्टिकर. मग तिच्या नावाचं इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट, आणि त्यावरून वर्गातल्याच मुलांना गेलेले अचकट विचकट मेसेज. मला मोजायची सवयच आहे, म्हणून मोजलं. ग्रुपमध्ये बेचाळीस जण. एक ही. हे उद्योग करणारे दोन. हसणारे चौदा. उरलेले पंचवीस गप्प.

"आईला का नाही सांगितलंस?"

"मोबाईल काढून घेईल ना!"

बघा, म्हणजे शिक्षा पुन्हा हिलाच. आणि खरं सांगतो, माझ्याही तोंडावर आलं होतं, "मग ग्रुप सोड ना, दुर्लक्ष कर." पण दुर्लक्ष करणार कसं? मोठ्या शहरात निदान गर्दीत हरवता येतं. आमच्याकडे ग्रुपमधला प्रत्येक जण त्याच नाक्यावर, त्याच शेअर रिक्षात, त्याच क्लासला भेटतो. आमच्या वेळी फळ्यावर कोणी काही लिहिलं तर सर यायच्या आत डस्टरने पुसता तरी यायचं. इथे डस्टर बेचाळीस जणांच्या हातात, आणि पुसत कोणीच नाही.

तर काय सांगत होतो... तो चौदाचा आकडा मला टोचला. कारण मी त्या चौदांतला आहे.

२००६-०७ची गोष्ट. मी इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. ऑर्कुटचा जमाना. (ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. बरंच झालं म्हणायचं, आमचे पुरावे गेले.) आमच्या विंगमधला एक मुलगा बोलताना अडखळायचा. कोणीतरी त्याच्या नावाचं खोटं प्रोफाइल काढलं, त्याच्या बोलण्याची नक्कल करत सगळं तोतरं लिहिलेलं. प्रोफाइल मी काढलं नव्हतं. मी फक्त एक स्क्रॅप टाकला. एकच ओळ. फार गाजली. मेसमध्ये लोक ती ओळ म्हणून दाखवायचे आणि मी कॉलर ताठ करून फिरायचो. पुढच्या सेमिस्टरला तो होस्टेल सोडून गेला, रोज एसटीने येऊ-जाऊ लागला. का, ते कोणी विचारलं नाही. ती ओळ मला आजही जशीच्या तशी पाठ आहे. इथे लिहिणार नाही.

मी वाईट मुलगा होतो का? मला नाही वाटत. समोर हसणारं पब्लिक होतं आणि लिहायला दहा सेकंद पुरली, एवढंच. पब्लिक नसतं तर लिहिलं असतं? नक्कीच नाही.

म्हणूनच "मुलांवर संस्कार राहिले नाहीत" वगैरे भाषण मला पटत नाही. माझ्या धंद्यातलंच एक उदाहरण देतो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. अशा अफवा मोबाईलवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणायला सुरुवात केली. पुढे एप्रिल २०२०मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं. माणसं एका रात्रीत शहाणी झाली नव्हती. बोटाच्या वाटेत फक्त एक खडा टाकला होता.

अमेरिकेतल्या त्रिशा प्रभू या शाळकरी मुलीला हेच सुचलं होतं. २०१४च्या गुगल सायन्स फेअरमध्ये अंतिम फेरीत गेलेला तिचा प्रकल्प साधा होता: लागट काही टाईप केलं की पाठवण्याआधी मोबाईल विचारतो, खरंच पाठवायचंय? तिच्या प्रयोगात ९० टक्क्यांहून जास्त वेळा मुलांनी विचार बदलला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९पासून देशभरातल्या शाळांत गेला. त्याचा मुख्य भर ना दादागिरी करणाऱ्यावर, ना सोसणाऱ्यावर. तो बघणाऱ्यांवर!

म्हणजे आमचे ते पंचवीस.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. ज्युनियरना छळायला काढलेले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही रॅगिंगच धरा, असं यूजीसीने २०२५मध्ये कॉलेजांना बजावलं. दुसऱ्याच्या नावाने खोटं अकाउंट काढलं तर आयटी कायदा लागतो. पण हे सगळं सुरू कधी होणार? मूल तोंड उघडेल तेव्हा. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने सांगितलेलं आठवत असेल: ऑनलाइन गेम खेळताना त्याच्या मुलीकडे अनोळखी माणसाने नग्न फोटो मागितले. त्याने मागितलेल्या 'सायबर पिरियड'ची खूप चर्चा झाली. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. मुलीने गेम बंद केला आणि सरळ आईला जाऊन सांगितलं. आपल्या घरातली मुलं येऊन सांगतील का?

असो. आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

आधी तारखेसकट सगळे स्क्रीनशॉट घेतले. (डिलीट, ब्लॉक वगैरे नंतर. पुरावा आधी!) खोटं अकाउंट रिपोर्ट केलं. मग खाली जाऊन ताईला सांगितलं, एका अटीवर: मोबाईल काढून घ्यायचा नाही. ताईचा हात दोनदा मोबाईलकडे गेला, दोनदा मागे आला. मग तिने लेकीला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करता येते, तेही तिला दाखवून ठेवलं.

आणि शेवटचं. भाचीला म्हटलं, त्या दोघांना काही लिहू नकोस. पंचवीसमधली एक निवड. तिने अर्धा तास विचार करून एक मैत्रीण निवडली. तिला फक्त एवढंच लिहिलं: "मला खूप त्रास होतोय. तू ग्रुपवर काही बोलशील का?"

रविवारी दुपारी ग्रुपवर त्या मुलीचा मेसेज आला. "बास झालं आता. ते स्टिकर काढा." दहा मिनिटं सन्नाटा. मग अजून एकीचा अंगठा. मग एका मुलाचा. रात्रीपर्यंत सहा.

बेचाळीसात सहा. फार नाहीत. स्टिकर अजून कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये असेलच, आणि त्या दोघांपैकी एकाने "मस्करी पण कळत नाही" असं लिहिलंच. पण मंगळवारी ताईचा फोन आला. भाची कॉलेजला गेली. ती मैत्रीण रिक्षा घेऊन दारात आली होती म्हणे.

काल बॅचच्या एकाकडून त्या होस्टेलच्या मित्राचा नंबर मिळवला. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी पाठवलं: ती ओळ मी लिहिली होती, चुकलो, माफ कर. लगेच दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही. ते त्याने द्यायलाच हवं असंही नाही.

तुमच्याही शाळा-कॉलेजच्या ग्रुपवर कोणाला तरी अजून जुन्याच टोपणनावाने हाक मारतात का? मारत असतील, तर तो शेवटचा कधी बोलला होता ते जरा वर स्क्रोल करून बघा.