हरकत नाही!

जूनमध्ये दोन महिने अरबी शिकायला जॉर्डनला, अम्मानला जायचंय. बॅगेची यादी अम्मी करतेय. माझं लक्ष दुसरीकडेच अडकलंय.

तिथल्या शिक्षकांनी माझी तयारी बघायला बातमीचा एक उतारा पाठवला. लहानपणीच मौलवीसाहेबांकडे कुरआन पुरा झाला, दर रमजानला वाचते, म्हणून मी निर्धास्त होते. उघडून बघते तर एकाही अक्षरावर जेर-जबर-पेश नाही! पहिल्याच ओळीत अडले. अरबीत या खुणांना 'हरकत' म्हणतात. आपल्याकडे 'हरकत नाही' म्हटलं की काम होतं. इथे हरकत नाही म्हणूनच गाडी अडली. इतकी वर्षं वाचले ते नुसतं जिभेनं. अर्थ कळला तो मराठी तर्जुम्यातून.

आता फज्रनंतर मूळ अक्षरं घोकते. क-त-ब: किताब, मकतब, मकतूब. मराठीही मदतीला येते. तारीख, वकील, हुकूम ओळखीचे निघाले. बाजारातली बोली मात्र आणखी निराळी. पुस्तकातलं 'उरीदु', म्हणजे 'मला हवंय', अम्मानच्या रस्त्यावर 'बिद्दी' होतं.

काल दादी जवळ येऊन बसली. "बेटा, परत आलीस की यासीन समजावून सांग. आयुष्यभर पढतेय, काय म्हणतेय ते ठाऊक नाही."

"दोन महिन्यांत नाही गं जमणार, दादी."

"मग जमेल तेवढं सांग."

सुरुवातीच्या पाच आयती वहीत उतरवून घेतल्यात. हरकतींसकट.