निळ्या उजेडाचा भ

शिवणगावच्या घरी बाबांनी पहिलं 'जय भीम' केलं ते खोक्याच्या फळ्यांचं. करवतीनं अक्षरं कापली, कडेनं पट्ट्या ठोकून त्यांना खोली दिली, आत झिरोचे बल्ब लावले आणि तोंडावर निळा जिलेटिन कागद ताणला. 14 एप्रिलला ते विहारावर चढायचं. निळा रंग मात्र मंदच दिसायचा. तापलेल्या तारेच्या उजेडात निळा भाग मुळातच थोडा. बाकीचा उजेड कागद अडवतो.

पुढे गावाची शेतं नागपूरच्या मिहान प्रकल्पात गेली, आमचं घरही गेलं. सामान हलवताना टेम्पोत सगळ्यांत आधी चढली ती ही अक्षरं.

निळ्याची अडचण एलईडीनं सोडवली, पण सावकाश. लाल एलईडी 1962 सालीच तयार झाला होता. झगझगीत निळ्यासाठी 1990चं दशक उजाडावं लागलं. जपानच्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवण्यात वर्षानुवर्षं घातली. 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना या निळ्या दिव्यासाठीच मिळालं. त्यातून जगाला स्वस्त पांढरा उजेड मिळाला. आमच्या वस्तीला बाबांना हवा होता तो निळा मिळाला, आणि माझ्या लेखी ही गोष्ट लहान नाही.

मिहानमधल्या काचेच्या इमारतींवर रात्री इंग्रजी अक्षरं झळकतात, सुटी सुटी. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. मुख्य तार तिच्यातून न्यायची आणि प्रत्येक अक्षरात खाली फाटा सोडायचा. जोडणी इतकी सोपी होते की लिपी यासाठीच घडली असावी असं वाटतं. आता ही अक्षरं मी करते. 12 मिलिमीटरचं प्लाय वापरते, वळण बाबांच्याच हातचं गिरवते. एलईडीची पट्टी 12 व्होल्टची. ती दर तीन दिव्यांनंतर, तांब्याच्या खुणेवरच कापायची. तिच्या पाठीच्या गोंदावर विसंबू नये, नागपूरच्या उन्हात तो सुटतो. क्लिपा ठोकाव्यात.

खरी कसोटी भची. त्याच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. उजेड पसरून ती फट भरली, की दुरून भचा म होतो. बाबासाहेबांच्या नावात हे चालणार नाही. म्हणून घरी अक्षरं करणार असाल तर ही फट बोटभर तरी ठेवा, तिच्या कडा आतून काळ्या रंगवा, आणि रात्री रस्त्यावर उभं राहून वाचून बघा. मगच खिळा ठोका.