चकलीला बघायला येणार आहेत

भाद्रपद माणसांच्या ध्यानात राहतो तो गणपतींसाठी आणि पितरांसाठी. कुत्र्यांच्या बाबतीत त्याची ख्याती वेगळी आहे, आणि त्यावरून मराठीत जे बोललं जातं ते सगळं छापण्यासारखं नाही. पण पंचांग पक्कं आहे. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक वर्षातून एकदाच माजावर येतात, पाऊस उतरणीला लागला की. तिथून साधारण ६३ दिवस मोजले की दिवाळी येते. आपण पणत्यांत वाती घालत असतो तेव्हा कुठं उभ्या गाडीखाली, कुठं बांधकामावरच्या सिमेंटच्या पाइपात, डोळे न उघडलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ऊब शोधत असतात.

पिल्लं उचलून आणणाऱ्या मंडळींना या दिवसांत जेवायची फुरसत नसते, नावं शोधत बसायची कुठली असणार? एक विषय धरतात आणि अख्खी वीण उरकून टाकतात. सिंहगड रस्त्याला एका पाइपात सापडलेली चार पिल्लं दिवाळीची, म्हणून ती झाली चिवडा, अनारसा, शेव आणि चकली. चकलीला हे नाव शेपटीमुळे आलं. तिचा दीड वेढा पाठीवर उजवीकडे पडलेला असतो. आईला गाडीनं उडवलं होतं. चिवडा आणि अनारसा नर, त्यांना बघता बघता घरं मिळाली. शेव पार्व्होत गेली. चकली पार्व्होतून उठली आणि आमच्याकडे आली, कायमची नाही, घर मिळेपर्यंत.

पार्व्हो हा तसा अलीकडचा रोग. १९७८ मध्ये तो जगाच्या नजरेत आला आणि पाठोपाठ सगळीकडे पसरला. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि एवढ्याशा जिवातलं पाणी दोन-तीन दिवसांत आटून जातं. लस आहे, पण ती वेळेत मिळायला पिल्लू आधी कुणाच्या तरी हाती लागावं लागतं. रोग झाल्यावर सलाईन द्यायचं, उलट्या थांबवायच्या, अंगाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची आणि वाट बघायची. हा विषाणू फिनेलला भीक घालत नाही, त्याला ब्लीचच लागतं, आणि मातीत तर तो महिनोन् महिने दबा धरून बसतो. म्हणून ज्या अंगणात एकदा पार्व्हो येऊन गेला तिथं लस न झालेलं दुसरं पिल्लू ठेवता येत नाही. आमच्यासारख्यांचे तिसऱ्या मजल्यावरचे फ्लॅट या कामाला येतात ते त्यामुळे. जगाच्या दृष्टीनं आम्ही ‘फॉस्टर’. आमच्या सोसायटीच्या दृष्टीनं, ‘त्या कुत्रीवाल्या’.

चकली आली तेव्हा तिच्या पुढच्या उजव्या पायावर सलाईनसाठी केस भादरलेला एक चौकोन होता. कातडी गुलाबी, मधोमध सुईचा काळपट ठिपका. हळूहळू तिथं केस उगवले, पण बाकीच्या अंगापेक्षा गडद, त्यामुळे तिच्या गव्हाळ पायावर अजूनही एक ठिगळ दिसतं. तिची शुश्रूषा करणाऱ्या मुलीनं मला सांगितलं, ‘ही वाचणार हे मला कधी कळलं माहितीये? हिनं सलाईनची नळी चावली तेव्हा.’ हे ऐकल्यापासून दंगेखोर पिल्लाकडे बघायची माझी नजर कायमची बिघडली आहे. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला दिसला की आधी बरं वाटतं. राग येतो, पण नंतर, आणि तोही नवी चप्पल घ्यायला गेल्यावर.

दिवेलागणीला सासूबाई देवापुढं बसतात. नेमकी तीच वेळ चकलीच्या अंगात वारं शिरायची. कान मागे चिकटतात, बूड जमिनीला टेकल्यागत खाली जातं, आणि दिवाणाखालून निघालेलं पिल्लू बाल्कनीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येतं. वळणावर फरशी दगा देते. चारी पाय चार दिशांना जातात, पोट घसरत पुढं येतं आणि चपलांच्या स्टँडवर आदळून थांबतं. लागलं का बघायला मी उठेपर्यंत ती त्याच स्टँडमधून एक मोजा घेऊन बाहेर पडलेली असते. त्या मोज्याला मानेनं असे काही झटके देते की त्याचा जीव गेला याची तिला खात्रीच पटते. मग तो आमच्यासमोर आणून ठेवते, पुन्हा उचलते, पुन्हा ठेवते, आणि तिसऱ्यांदा उचलता उचलता झोपून जाते. मोजा तोंडातच. मोजा काढायला बोट घातलं तर झोपेतच बोटही चघळते. दुधाचे २८ दात असतात पिल्लाला, आणि त्यातला एकही बोथट नसतो.

आता ते पडायला लागलेत. परवा पायपुसण्यात तांदळाएवढा एक सापडला.

सासूबाईंना मी आई म्हणते. आई चकलीला हात लावत नाहीत. त्यांच्या वाटेत ती आडवी आली की पदर सावरून उभ्या राहतात आणि मला हाक मारतात. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट मी त्यांना एकदा मोठ्या हुशारीनं ऐकवली. त्या म्हणाल्या, ‘तूप दिलं. मांडीवर नाही घेतलं.’

पिल्लांच्या शिक्षणात एक मोठीच अडचण आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटू लागतं. त्यानंतर दिसेल त्याबद्दल संशय. स्कॉट आणि फुलर या अमेरिकेतल्या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं पाळून, निरखून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हापासून कुत्र्यांची जाणकार माणसं हे धरून चालतात. आता गंमत अशी की लसींचे डोस पुरे व्हायला सोळा आठवडे लागतात, आणि तोवर पिल्लाचा पाय रस्त्याला लागू द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणजे जग दाखवायचं, पण टेकू द्यायचं नाही.

यावर उपाय म्हणजे खांद्याची शबनम. जानेवारीभर चकली तीतून हिंडली. बाहेर फक्त मुंडकं, आणि ते मुंडकं रिक्षाचा भोंगा, हेल्मेट घातलेला माणूस, लग्नाची वरात, लाल फुगा, सगळ्याची नोंद घेत असे. वरातीतल्या ताशाला पहिल्यांदा ती पिशवीत तळाशी गेली. दुसऱ्या वरातीला एक डोळा बाहेर होता. भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावर मेथीच्या जुड्या तिच्या नाकाच्या अगदी समोर यायच्या. एकदा मावशींनी मेथीवर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, ‘मुलगी का?’

‘हो.’

‘मग कोण नेतंय?’ असं म्हणून त्यांनी तिला गाजराचा तुकडा दिला.

मावशी बोलल्या ते खरंच आहे. पिल्लासाठी घर शोधणं म्हणजे स्थळ बघणंच, कांदेपोह्यांसकट. फोटो चांगला निघायला हवा. तो उजेडात, एक कान उभा राहिलेला असताना काढायचा. खाली माहिती लिहायची: वय चार महिने, वर्ण गव्हाळ, लसीकरण पूर्ण, स्वभाव मनमिळाऊ. मग फोन येतात. ‘मुलगा नाही का?’ ‘पुढं उंची किती होईल?’ ‘ब्रीड कोणतं?’ देशी आहे म्हटलं की पलीकडे क्षणभर गप्प, मग ‘घरी विचारून सांगतो.’ मादी नको याचं कारण विचारलं तर पिल्लं घालेल म्हणतात. आता ही जुनी भीती आहे. सहा महिन्यांच्या आसपास शस्त्रक्रिया करून घेतली की तो प्रश्नच मिटतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीसुद्धा २००१ पासून नियम आहेत, २०२३ मध्ये ते नव्यानं झाले. पण स्थळ नाकारायला कारण लागतंच, आणि हे सगळ्यात सोयीचं आहे.

मला खरा राग येतो तो ‘शांत आहे का हो?’ या प्रश्नाचा. विचारणारा चांगलाच माणूस असतो. घरात लहान मूल असेल, शेजारी कुरकुरे असतील. तरीही पिल्लू शांत असावं ही अपेक्षा मला भीतीदायक वाटते. शेव शेवटच्या दिवशी अगदी शांत होती म्हणे. एवढं फोनवर सांगता येत नाही. मी म्हणते, ‘नाही, चकली शांत नाही,’ आणि बहुतेक वेळा फोन तिथंच संपतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांवरून रण माजलं होतं. ११ तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश आला, २२ तारखेला तो बदलला. त्या दुसऱ्या आदेशात दत्तक घेणाऱ्यांबद्दलही लिहिलं होतं: एकदा घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही हे बघण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. आईंनी ते कात्रण जपून ठेवलं होतं, आणि चकलीला बघायला लोक येऊ लागले तेव्हा मुलाखतीचा कारभार त्यांनी आपण होऊन हाती घेतला. हात लावत नाहीत, पण पाहुण्यांना कोचावर बसवून समोरच्या खुर्चीत बसतात. ‘दिवसभर घरी कोण असतं? जागा भाड्याची का? मालकाला विचारलंत? मे महिन्यात गावी गेलात की हिला कोण बघणार? उद्या तुम्हाला मूलबाळ झालं तर?’ हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं या शेवटच्या प्रश्नाला चहा अर्धा टाकून उठलं. मी चडफडले, पण प्रश्न बरोबरच होता. बाळाच्या चाहुलीबरोबर परत आलेली कुत्री मी पाहिली आहेत. फार्महाउसला राखण हवी म्हणून आलेल्या एका गृहस्थांना त्या म्हणाल्या, ‘राखणीला बाजारात कुलूप मिळतं.’ वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्यांना मी स्वतःच वाटेला लावते.

‘एवढा जीव आहे तर तुम्हीच का नाही ठेवत?’ हे तर वॉचमनही विचारतो. ठेवणारे ठेवतात, आमच्या वर्तुळात त्याला हसत हसत ‘फॉस्टर फेल’ म्हणतात, आणि अशा नापासांच्या घरी सुखात लोळणारी कुत्री बघून मला हेवाही वाटतो. पण आमच्याकडे कोपरा एकच आहे. तो भरला की पुढच्या दिवाळीतला पाइप माझ्यासाठी बंद.

त्यामुळे चकलीला मी जे शिकवते ते सगळं परक्या घराच्या हिशोबानं. त्या घरातले लोक मराठी बोलतील की कानडी, ठाऊक नाही, म्हणून ‘बस’ला तळहात वर उचलायची खूण. पलंगावर घेत नाही; मला फार आवडलं असतं, पण तिथं चालणार नसेल तर पहिल्याच रात्री तिला ओरडा बसेल. रोज थोडा वेळ मी दार ओढून जिन्यात जाऊन उभी राहते आणि आत ती रडत नाही ना ते ऐकते. कारण एकटं राहता न येणारं कुत्रं लोक परत आणतात. तिथं कुकर असेलच, लिफ्ट असेल, बाळ असेल, मिक्सर तर असणारच.

मिक्सरला ती भलतीच भ्यायची. तेव्हा तिला बाल्कनीत नेऊन बसवायचं, आत नवऱ्यानं मिक्सरचं बटण जेमतेम दाबायचं, आणि त्याच क्षणी मी तिला पनीरचा कण द्यायचा. मग दाराशी. मग हॉलमध्ये. मग ओट्याच्या पायाशी. आता उलटच झालं आहे. चटणीचं भांडं मिक्सरवर बसल्याचा ‘खट’ आवाज झाला रे झाला की ती कुठल्याही झोपेतून उठून ओट्यापाशी येऊन, तळहात वर उचलायच्या आतच, बसलेली असते.

रविवारी चिंचवडहून एक कुटुंब येणार आहे. बाईंनी फोनवर शांत आहे का ते विचारलं नाही. चपला कुठल्या आवडतात ते विचारलं. आईंनी तरीही प्रश्नांची उजळणी केली आहे. मी पिल्लाबरोबर द्यायच्या कागदावर शेवटचा हात फिरवतेय: रेबीजची लस कधी झाली, पुढची कधी, जंताचं औषध कुठलं. कांदा नको, चॉकलेट नको, द्राक्षं आणि बेदाणे बिलकुल नकोत, प्रसादाच्या शिऱ्यातलेसुद्धा. संध्याकाळी सातच्या सुमाराला वाटेतून बाजूला व्हावं. आणि सगळ्यात खाली, आई सांगत होत्या तसंच लिहिलंय: मिक्सर लावला की पनीर द्यावं लागतं, सवय आम्ही लावली आहे, खर्च तुम्ही करा.